यंत्राआधी वैद्य घडावा



फुफ्फुसीय धमनी उच्चरक्तदाब हा दुर्मिळ विकार. धाप लागते, दमा समजून औषधे चालतात आणि हृदयाची उजवी बाजू थकत जाते. इको तपासणीत संशय येतो. निदान मात्र उजव्या हृदयात कॅथेटर घालूनच पक्के होते. संशय येण्यासाठी जाणती दृष्टी हवी. ती प्रशिक्षणानेच लाभते.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन रॉकफेलर प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले. १९६८ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. वाट मात्र खुली झाली.

वसई-विरारच्या दात्यांनी रुग्णवाहिका अवश्य द्याव्यात. सोबत एका तरुण डॉक्टरच्या विशेष प्रशिक्षणाचा भार उचलावा. त्याने परतून येथेच सेवा करावी. असे विद्यादान हेच जीवदान!