चीक आधी वासराचा

गाय व्याली की घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "थांबा, आधी जार पडू द्या, मग चीक काढा." आमच्या गोठ्यातही हेच चालायचं. एकदा जार पडायला पहाट झाली. कालवड रात्रभर उपाशी राहिली. आठव्या दिवशी हगवणीनं ती गेली. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतो, जारेपायी चीक अडवू नका.

गाभणपणात आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी द्रव्यं वासराला मिळत नाहीत. ती मिळतात चिकातून. वासराचं आतडं ती पहिल्या काही तासांतच चांगली शोषतं. २४ तासांनंतर जवळजवळ नाहीच. म्हणून ३० किलोच्या वासराला तासाभरात दीड लिटर चीक पाजा आणि बारा तासांच्या आत आणखी तेवढाच. खरवस करा, पण वासराचं पोट भरून उरेल त्या चिकाचा. धार काढल्यानं जार अडत नाही. उलट पान्हा सुटतो तेव्हा गर्भाशयही आकसतं आणि जार सुटायला मदतच होते.

चीक संपला की दूध. रोज वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे ३० किलोला ३ लिटर, सकाळ-संध्याकाळ निम्मं निम्मं. दूध धारोष्ण असावं. निवलं असेल तर कोमट करा. बाटली अशी धरा की वासरू मान किंचित वर करून चोखेल. चोखताना अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटते आणि दूध थेट पोटाच्या चौथ्या कप्प्यात उतरतं. गार दूध घाईनं घशात ओतलं, तर ते पहिल्या कप्प्यात पडून नासतं.

वेळ मोडू नका. सकाळी चुकलं म्हणून संध्याकाळी दुप्पट पाजू नका, त्यानं हगवण लागू शकते. बाटली, बूच, बादली दर खेपेला गरम पाण्यानं धुवा. पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ पाणी समोर ठेवा. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा खुराक, द्या. वासरू तो रोज किलोभर खाऊ लागलं की दूध हळूहळू तोडा.

दिवस भरलेली गाय आज कुणाच्या दावणीला असेल, तर बाटली आत्ताच धुऊन ठेवा. रात्री वासरू उभं राहायला धडपडेल, तेव्हा चीक तयार असू द्या.