साडेचौतीस मैल

(मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेला जाऊन आलेल्या बाईला बोलायला उभे केले की ती तासभर खाली बसत नाही, असा आपल्या मंडळाचा अनुभव आहे. मागे एकदा नायगाऱ्याच्या धबधब्यापायी आपले मसालादूध गार झाले होते, ते मी विसरलेले नाही. म्हणून आज मी सगळी अमेरिका सांगणार नाही. एकच रस्ता सांगणार आहे. त्याची लांबी ३४.५ मैल, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर.

माझी मुलगी बोस्टनजवळ असते हे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. २००७ साली गेली ती "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, आई" असे म्हणून गेली. तिची खोली मी तशीच ठेवली होती, हे हळदीकुंकवाला घरी येणाऱ्यांनी पाहिलेले आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे होते. पण बोलणे म्हणावे असे आमचे होतच नव्हते. सकाळी ती कामावर जायची, संध्याकाळी फोन, शनिवारी धुणे आणि बाजार. एका रविवारी मात्र ती म्हणाली, "आई, चल, डोंगरात पाने रंगली आहेत, ती पाहून येऊ."

बोस्टनच्या उत्तरेला न्यू हॅम्पशायर नावाचे लहानसे राज्य आहे. तिथल्या व्हाइट माउंटन डोंगरांत सुमारे आठ लाख एकरांचे राष्ट्रीय अरण्य आहे, आणि त्या अरण्यातून कॉनवे गावापासून लिंकन गावापर्यंत हा रस्ता जातो. नाव कँकमॉगस. माझ्या जिभेवर ते दोन दिवस बसेना. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी पेनाकुक लोकांचा हा नायक, सतराव्या शतकातला. गोऱ्या वसाहतवाल्यांशी लढाई झाली आणि १६९० च्या सुमारास त्याचे लोक पांगून उत्तरेकडे गेले. ज्यांना हुसकले त्यांचेच नाव रस्त्याला द्यायचे, ही रीत तिकडेही आहेच.

कॉनवेला मुलीने टाकी भरून घेतली, कारण पुढे सबंध रस्त्यावर पेट्रोलपंप नाही. हॉटेल नाही, दुकान नाही, घाटात असतो तसा भाजलेली कणसे विकणाराही नाही. आमची पोळीभाजी डब्यात होती. थोडे आत गेल्यावर फोनही मुका झाला. मला मनातून बरे वाटले.

आपला घाट कसा, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. चढतो आहोत हे पोटाला कळते. हा रस्ता निम्म्याहून अधिक स्विफ्ट नावाच्या नदीच्या काठाने जातो आणि चढ लक्षातच येत नाही. तिकडे मोटारीचे चाक डाव्या बाजूला, तेव्हा मी उजवीकडे बसले होते, जिथे आमचे हे बसून गाडी चालवीत. वळण आले की माझा पाय आपोआप नसलेल्या ब्रेकवर पडे. 'मूस दिसल्यास ब्रेक लावा' अशा पाट्या आहेत. मूस म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, घोड्याएवढा. आम्हांला काही तो दिसला नाही.

वाटेत १८५८ साली बांधलेला एक लाकडी पूल लागला. त्याला घरासारखे छप्पर! मला वाटले, येणाऱ्याजाणाऱ्याला पाऊस लागू नये म्हणून असेल. तसे नव्हे. पुलाच्या तुळया भिजून कुजू नयेत म्हणून. गाडी उभी करायला पाच डॉलर द्यायचे, पण घेणारा कोणी नाही. पाकिटात पैसे घालून लोखंडी पेटीत टाकायचे आणि पाकिटाचा तुकडा फाडून गाडीत लावायचा. मी दोनदा मागे वळून पाहिले.

आणि रंग! पैठणी, इरकली, चंदेरी सगळ्या एका दोरीवर वाळत घातल्या तरी तसे दिसणार नाही. थंडी आणि लहान झालेला दिवस यांमुळे पानातले हिरवे द्रव्य नाहीसे होते, तेव्हा बर्चच्या पानातला पिवळा रंग उघडा पडतो. तो मुळातच आत असतो. लाल रंग मात्र मेपलचे झाड त्याच दिवसांत नव्याने तयार करते. याच मेपलच्या खोडाला थंडी सरताना भोक पाडून रस काढतात आणि तो आटवून काकवीसारखा पाक करतात. चाळीस लिटर रसाचा एक लिटर पाक. बासुंदी आटवणारीला त्यातले कष्ट निराळे सांगायला नकोत.

बारा-तेरा मैलांवर रस्त्याच्या कडेला एक जुने लाकडी घर लागते. आता ते संग्रहालय आहे. तिथे रूथ कोलबाथ नावाची बाई राहत असे. १८९१ साली तिचा नवरा "थोड्या वेळात येतो" असे सांगून घराबाहेर पडला. रात्र झाली, तो आला नाही. तिने खिडकीत कंदील ठेवला. दुसऱ्या रात्री ठेवला, तिसऱ्या रात्री ठेवला, आणि असा एकोणचाळीस वर्षे ठेवला. १९३० साली ती वारली. तीन वर्षांनी, १९३३ साली, नवरा परत आला!

तिथल्या बाईंनी ही हकीकत सांगितली तेव्हा बाकीचे लोक हळहळले. मला राग आला, आणि कुणाचा ते कळेना. गाडीत बसल्यावर आम्ही दोघी बोललो नाही.

पुढे मात्र खरा घाट सुरू होतो. खिंड तीन हजार फुटांच्या थोडी आतच, पण पलीकडे एक वळण आपल्या केसांच्या आकड्यासारखे आहे. त्या वळणाशी गाडी उभी करायला जागा आहे. मुलीने तिथे गाडी थांबवली, चाकावरचे हात काढले नाहीत आणि म्हणाली, "आई, मी परत येईन म्हणून तू ती खोली ठेवू नकोस. मी इथलीच झाले आता."

मी म्हटले, "खोली कुठे तुझ्यासाठी ठेवली आहे? पापडाचे डबे ठेवते मी तिथे." हे खोटे होते, आणि तिला ते ठाऊक होते. मग मी नको ते बोलले. तुझे बाबा गेले तेव्हा दहाव्याला आलीस आणि पाचव्या दिवशी विमानात बसलीस, असे बोलले. ती रडली. मग म्हणाली, "आई, त्या बाईला निदान कुणी येऊन सांगितले असते तर! मी सांगते आहे ना तुला?"

समोर सबंध डोंगर लाल-पिवळा पेटला होता. फोन वाजणार नव्हता, कुणी येणार नव्हते. पोळीभाजी आम्ही तिथेच खाल्ली. ती किती वर्षांनी माझ्या शेजारी बसून जेवत होती, हे मी मोजले नाही.

उतरून लिंकनच्या अलीकडे आलो, तिथे रानात एक सरळ, सपाट वाट आहे. ती पूर्वीची आगगाडीची वाट. लाकडे वाहायला लाकूडव्यापाऱ्यांनी रूळ टाकले होते. शेवटची गाडी १९४८ साली गेली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे डोंगर बोडके झाले होते, भगिनींनो. झाडे तोडली, फांद्या वाळत पडल्या, इंजिनाच्या ठिणग्या पडून वणवे लागले. नद्यांना पूर येऊन खालच्या गिरण्यांची चिंता वाढली. तेव्हा १९११ साली वीक्स कायदा झाला आणि सरकारने ही जमीन मालकांकडून विकत घेऊन १९१८ मध्ये राष्ट्रीय अरण्य केले. या कायद्यासाठी ज्यांनी नेट लावला त्यांत तिथली महिला मंडळे होती. आपल्यासारखीच, चहा आणि इतिवृत्त असलेली. ठराव केले, पत्रे लिहिली. त्या सभांनाही कुणी बायकांचा रिकामा उद्योग म्हटले असेलच. मी पाहिलेले जंगल म्हणजे बरेचसे पुन्हा उगवलेले जंगल. मला तर ते सृष्टीच्या आरंभापासूनचे वाटले होते. तिथे आजही सरकारच्या परवानगीने काही भागांत लाकूडतोड होते, कारण राष्ट्रीय अरण्य शेतीखात्याकडे असते आणि राष्ट्रीय उद्यानाइतके सोवळे नसते.

त्या वाटेवर आम्ही मैलभर चाललो. मुलीने माझा हात धरला होता, खड्ड्यांसाठी म्हणून.

परत आल्यावर खोली आवरायला मला पाच महिने लागले. यंदाच्या पाडव्यापासून मंडळाची दोन शिवणयंत्रे तिथे आहेत. भिंतीवरचे तिचे दहावीचे वेळापत्रक मी काढलेले नाही, त्याला कुणी हात लावू नये. वर्ग मंगळवारी संध्याकाळी सहाला असतो. जिन्यात अंधार असतो. दिव्याचे बटण वर गेल्यावर डाव्या हाताला आहे.