ठाण्यातील मौन आणि कायद्यातील संमती

सुरतेच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठातून पदवी घेणारे विधी आणि वैद्यक शाखांचे स्नातक उद्या ज्या कायद्याच्या आधारे काम करतील, त्यातील एक महत्त्वाची तरतूद देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडलेल्या घटनेतून आलेली आहे. 26 मार्च 1972 च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील या ठाण्यात, एका अनाथ आदिवासी मजूर मुलीला तिच्या भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी आणले गेले. जबाब संपल्यावर बाकीच्यांना जायला सांगून तिला एकटीला थांबवून घेतले, दिवा मालवून दार लावले, आणि नातेवाईक बाहेर ताटकळत असताना आत शिपायाने बलात्कार केला, अशी तिची फिर्याद होती. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये आरोपी पोलिसांना सोडले. भीतीपोटी निमूट सोसणे म्हणजे संमती नव्हे, असे सांगून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये त्यांना दोषी ठरवले, परंतु अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत यावर भर देत सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता केली.

हा निकाल चुकीचाच होता, कारण ज्याच्या हाती दाराची कडी आणि जबाबाचा कागद दोन्ही आहेत, त्याच्यापुढे चौदा-सोळा वर्षांच्या मुलीने झटापट करावी ही अपेक्षाच अमानुष आहे. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार विधिज्ञांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून नेमके हेच विचारले, देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. तेव्हापासून पोलिसाने अधिकाराचा वापर करून केलेला बलात्कार, म्हणजे कोठडीतील बलात्कार, हा किमान दहा वर्षांच्या शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा झाला. शिवाय अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरायचे असते. यालाच कायद्याच्या परिभाषेत गृहीतक म्हणतात, आणि ते खोटे ठरवण्याचा भार आरोपीवर असतो. भारतीय न्याय संहिता आणि साक्ष अधिनियम 1 जुलै 2024 पासून लागू झाल्यावरही ही तत्त्वे कायम आहेत.

तरीही कागद लिहिणारे हात बदलल्याखेरीज कायदा पुरा पडत नाही. देसाईगंजच्या खटल्यात मुलीला शरीरसंबंधाची सवय असल्याचा शेरा सत्र न्यायालयापर्यंत पोहोचला, तो वैद्यकीय तपासणीच्या वाटेने. असे शेरे ज्या 'दोन बोटांच्या चाचणी'तून येत, ती करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी मानावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले आहे. नव्या डॉक्टरांनी ती करण्यास ठाम नकार द्यावा. विधी स्नातकांनी सुरतेच्या लिंबायत, उधना येथील मराठीभाषक कामगारवस्त्यांत घरोघर सांगावे, की साक्षीदार स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, तो तिच्या राहत्या घरीच घ्यावा लागतो. आणि तरीही बोलावणे आलेच, तर तिच्यासोबत जावे व ती बाहेर येईपर्यंत तिथून हलू नये.