अध्यक्षांची दैनंदिनी आणि दुष्काळी कामाचा हजेरीपट

(नंदुरबार येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ऑस्टिन येथे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. २२ मे १९७१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. नावाला ते ग्रंथालय. वस्तुतः तो एका कारकिर्दीचा दप्तरखाना आहे. त्या दप्तरात जॉन्सन यांची दैनंदिनी आहे, आणि ती त्यांनी स्वतः लिहिलेली नाही. अध्यक्ष किती वाजता कामाला लागले, कोणाला दूरध्वनी केला, कोणाचा आला, कोण भेटीस आले, पंगतीला कोण होते, या सर्वांची वेळेनिशी नोंद कार्यालयातील सचिवांनी दररोज करून ठेवली. तिच्या जोडीला सल्लागारांची टिपणे आहेत, वकिलातींच्या तारा आहेत, अध्यक्षांचे शेरे आहेत आणि शेकडो तासांची ध्वनिमुद्रित संभाषणेही आहेत. या ध्वनिफिती आपल्या मृत्यूनंतर ५० वर्षे उघडू नयेत, अशी जॉन्सन यांची सूचना होती. १९७३ साली ते वारले. ग्रंथालयाने मात्र पुढील शतकाची वाट न पाहता १९९० नंतरच्या दशकातच त्या अभ्यासकांना खुल्या करण्यास आरंभ केला.

सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्या कार्यकर्त्याला या कागदांशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर भाकरीत आहे. १९६५ ते १९६७ या वर्षांत भारतातील रेशन दुकानात किती धान्य यावयाचे, हे ज्या टेबलावर ठरत होते त्या टेबलाचे हे दप्तर आहे.

पब्लिक लॉ ४८० हा अमेरिकी कायदा १० जुलै १९५४ चा. अमेरिकी शेतकऱ्याचे शिलकी धान्य रुपयांत विकत द्यावयाचे, आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर जमा व्हावयाचे, अशी ही योजना होती. १९५६ साली भारताने पहिला करार केला. मोठा करार ४ मे १९६० चा. १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ, मुदत ४ वर्षे. वॉशिंग्टनला त्यावर सही करणारे भारताचे अन्नमंत्री मुंबईचे स. का. पाटील होते, आणि समोर सही करावयास खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर बसले होते. (याच पाटलांना १९६७ साली दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी पाडले, हे या पानाच्या वाचकांना सांगावयास नको.) गोदामे परक्याच्या गव्हाने भरू लागली की स्वतःच्या शेतीची निकड मागे पडते, दिल्लीच्या नियोजनातही तेच झाले.

हा करार वाढीव मुदतीसह जून १९६५ अखेर संपला. तेव्हा जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा नवा करार करण्याचे नाकारले. यापुढे धान्य महिना-दोन महिन्यांच्या हिशेबाने मिळेल, आणि प्रत्येक हप्त्याला अध्यक्षांची स्वतःची मंजुरी लागेल, असे ठरले. वॉशिंग्टनच्या अधिकारीवर्गातच या धोरणाला ‘आखूड दावे’ असे नाव पडले. दाव्याचा अर्थ शेतकऱ्याला समजावून द्यावा लागत नाही. जनावर गव्हाणीपर्यंत पोचते, परंतु मान कोणीकडे वळवावयाची हे दावे धरणारा ठरवितो. मंजुरी, खरेदी, जहाजाची व्यवस्था, सागरी प्रवास आणि बंदरातील उतराई यांत आठवड्यांमागून आठवडे जात असत. म्हणून वॉशिंग्टनला दहा दिवस कागद अडला की त्याचा परिणाम भारतातील दुकानाच्या फळीवर दिसे.

त्यानंतरच्या घटना आता तारीखवार मांडता येतात. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे अमेरिकी कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन व भारताचे अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम् यांच्यात शेतीधोरणाविषयी गुप्त समझोता झाला. ९ डिसेंबरला १५ लाख टन गव्हाची घोषणा झाली. ११ जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे शास्त्रीजींचे निधन झाले. मार्चअखेर इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. त्या भेटीपूर्वी सल्लागार रॉबर्ट कोमर यांनी अध्यक्षांसाठी लिहिलेल्या टिपणांचा सूर असा, की भारत आता अखेर अमेरिकेच्या अटींवर बोलावयास येत आहे. स्वागत मात्र उत्तम झाले. राजदूत बी. के. नेहरू यांच्याकडे थोड्या वेळासाठी आलेले जॉन्सन आयत्या वेळी जेवणासही थांबले आणि यजमानांची पाने मांडताना तारांबळ उडाली. ३० मार्चला त्यांनी अमेरिकी संसदेकडे भारतासाठी आणखी ३५ लाख टन धान्याची शिफारस केली. एप्रिल-मे मध्ये नियोजनमंत्री वॉशिंग्टनला जाऊन जागतिक बँकेचे अध्यक्ष जॉर्ज वुड्स यांच्याशी बोलले, आणि ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर ७ रुपये ५० पैशांचा झाला.

ते नियोजनमंत्री अशोक मेहता होते. त्यांचे नाव घेताना समाजवादी चळवळीला आजही अवघडल्यासारखे होते, आणि ते स्वाभाविक आहे. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या आरंभापासूनचा हा विद्वान माणूस नियोजन मंडळाचा उपाध्यक्ष झाला, प्रजासमाजवादी पक्षाने १९६४ साली त्याला दूर केले, आणि दोन वर्षांनी रुपयाच्या वाटाघाटी त्याच्याच गळ्यात पडल्या. त्यांना अमेरिकेचे हस्तक म्हणणे सोपे होते व त्या काळी तसे म्हटलेही गेले. दप्तर पाहिले तर इतके सोपे उत्तर हाती येत नाही. अवमूल्यनाचा आग्रह जागतिक बँकेच्या बर्नार्ड बेल मंडळाने १९६५ मध्येच धरला होता. परकीय चलनाची तिजोरी रिकामी होती. १९६५ चा पावसाळा बुडाला होता. निर्णय कोणाचा, या प्रश्नापेक्षा तो कोणाला आधी ठाऊक होता हा प्रश्न अधिक बोचरा आहे. वॉशिंग्टनमध्ये त्याची चर्चा महिनोन्महिने चालली होती. ज्या लोकसभेत डॉ. लोहिया, मधु लिमये, नाथ पै यांच्यासारखे संसदपटू होते, त्या लोकसभेला मात्र तो झाल्यानंतर कळला.

१९६६ च्या जुलैमध्ये इंदिराजींनी व्हिएतनाममधील बाँबफेक थांबविण्याचे आवाहन केले, आणि मॉस्कोच्या संयुक्त पत्रकात साम्राज्यवाद्यांवर टीका आली. जॉन्सन संतापले. त्या पावसाळ्यात बिहार पुन्हा कोरडा राहिला. शरदात फ्रीमन मंजुरी मागत होते, सल्लागार मागत होते, दिल्लीचे अमेरिकी राजदूत चेस्टर बोल्स निकडीच्या तारा पाठवीत होते. अध्यक्ष कागद अडवून बसले होते. कृषिखात्याचे तज्ज्ञ पाहणीस धाडले गेले, त्यांच्यामागून अमेरिकी संसदेचे सदस्य आले. अखेर २२ डिसेंबरला ९ लाख टनांची घोषणा झाली. कोणत्या आठवड्यात कोणी काय शिफारस केली आणि अध्यक्षांनी ती केव्हा बाजूस ठेवली, हे आज छापील ग्रंथात वाचावयास मिळते. अमेरिकी परराष्ट्रखात्याच्या दस्तऐवज-मालिकेतील दक्षिण आशियाचा तो खंड २००० साली प्रसिद्ध झाला. ३० वर्षांच्या आत असे दस्तऐवज छापावेत, असा तेथे १९९१ चा कायदाच आहे.

जॉन्सन यांना केवळ खलनायक ठरवून अभ्यास संपत नाही. १९६६ साली भारताने सुमारे १ कोटी टन धान्य आयात केले आणि अमेरिकी गव्हाच्या पिकाचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्या वर्षी भारतात आला. अमेरिकेचे स्वतःचे साठेही तेव्हा उतरणीला लागले होते. इतर श्रीमंत देशांनी वाटा उचलावा, हा आग्रह अगदीच अवाजवी नव्हता. भारतात कोठे पाऊस पडला व कोठे नाही याकडे त्या काळात आपले बारीक लक्ष असे, असे जॉन्सन यांनी नंतर आपल्या आठवणींत लिहिले आहे. सुब्रमण्यम् यांना नवे बियाणे व खते हवीच होती. स्वतःच्या मंत्रिमंडळातील विरोधकांना गप्प करण्यासाठी परकी दडपण त्यांना अडचणीचे होते असेही नव्हे. आणि याच जॉन्सन यांनी २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी मिसिसिपीतील जॅक्सन शहरी, गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात शिरू पाहणाऱ्या डॉ. लोहियांना पोलिसांनी पकडले होते आणि अमेरिकी परराष्ट्रखात्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली होती.

त्यांच्यानंतरचे अध्यक्ष निक्सन यांच्याविषयी थोडक्यात. फेब्रुवारी १९७१ पासून जुलै १९७३ पर्यंत त्यांच्या कार्यालयात यंत्र आपोआप ध्वनिमुद्रण करीत होते. सुमारे ३,७०० तासांच्या फिती जमल्या. बांगलादेशचे निर्वासित लक्षावधींनी येत असताना, नोव्हेंबर १९७१ मध्ये इंदिराजी त्यांना भेटल्या. त्या भेटीविषयी निक्सन व किसिंजर आपापसांत कोणत्या भाषेत बोलले, ते २००५ साली जगाने वाचले आणि किसिंजर यांना खेद व्यक्त करावा लागला. त्या असभ्य शब्दांवर भारतीय वृत्तपत्रांनी रकाने भरले. पाकिस्तानच्या बाजूस झुकण्याचे धोरण त्या शब्दांपेक्षा महत्त्वाचे होते. त्याला तितकी जागा मिळाली नाही. तथापि निक्सन यांच्याच फितींमुळे १९७८ चा अमेरिकी कायदा झाला, आणि जानेवारी १९८१ पासून पदावर आलेल्या प्रत्येक अध्यक्षाचे कागद ही राष्ट्राची मालमत्ता ठरली.

आता या जिल्ह्याकडे वळावयाचे. खानदेशात वडीलधाऱ्यांना विचारले तर ‘अमेरिकेचे धान्य’ म्हणून ते १९७२ ची तांबडी मिलो सांगतात. येथे एक गफलत होते. रुपयांतील सवलतीचे करार १९७१ अखेर संपलेले होते. १९७२-७३ चे परकी धान्य भारताने रोख मोलाने घेतले, आणि तेही सोव्हिएत रशियाच्या प्रचंड खरेदीने जगभर भाव चढले असताना. साठलेल्या जुन्या रुपयांचा हिशेब पुढे १८ फेब्रुवारी १९७४ रोजी मिटला, आणि राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश दिल्लीत भारत सरकारच्या हाती दिला. त्या वेळेपर्यंतचा तो जगातील सर्वांत मोठा धनादेश ठरला.

त्या दुष्काळात मे १९७३ मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या जवळपास माणसे होती. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. त्याच सुमारास शहादे तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी गेलेल्या जमिनींचा व रोजंदारीचा प्रश्न लढवीत होते. या सर्वांची दैनंदिनी म्हणजे कामावरचा हजेरीपट. कोण आले, किती दिवस आले, काय मोजमाप झाले, काय दाम पडले, आणि सहीच्या जागी अंगठा. ऑस्टिनच्या दैनंदिनीइतकाच तो नेमका कागद आहे. फरक एवढाच, की तो मुदतीचा कागद मानला जातो. महसुली दप्तरात अ वर्ग कायम राहतो, ब वर्ग ३० वर्षे, क वर्ग १० वर्षे आणि ड वर्ग १ वर्ष. अध्यक्षांनी मंजुरी कोणत्या दिवशी दिली हे कायमचे टिकते. ते धान्य न आल्याने मोलगीच्या बाजारात कोण रिकाम्या पिशवीने परतले, ते कोणत्याच वर्गात बसत नाही.

त्यात या भागाचे दप्तर स्थलांतरे सोसलेले. १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले, पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार निघाला. प्रत्येक वाटणीत बस्ते गाड्यांवर चढले आणि उतरले. अक्राणी, अक्कलकुव्याच्या वनजमिनीच्या दाव्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या कब्जाचा पुरावा मागितला जातो, तेव्हा हे स्थलांतर केवळ इतिहासाची बाब राहत नाही. नियमांनी वृद्धांचे जबाब ग्राह्य धरले आहेत खरे, परंतु समितीसमोर जुना दंडाचा कागद जे काम करतो ते जबाब करीत नाही, हा कार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

कायदे नाहीत असे नाही. केंद्राचा सार्वजनिक अभिलेखांचा कायदा १९९३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. मुंबईचा पुराभिलेख विभाग १८२१ पासूनचा. माहितीच्या अधिकाराच्या कलम ८(३) प्रमाणे २० वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती, मोजके अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही. परंतु अमेरिकी नागरिकाला मागण्यापूर्वी सूची मिळते. येथे कोणता कागद आहे हेच ठाऊक नसलेल्या माणसाने तो मागावयाचा असतो. म्हणून तालुक्याच्या अभिलेख कक्षाकडे पहिला अर्ज करावयाचा तो एखाद्या कागदासाठी नव्हे. १९६५ ते १९७३ या वर्षांच्या आणेवारीच्या, तगाईच्या व दुष्काळी कामांच्या बस्त्यांची यादी मागावी, आणि तिच्याबरोबर त्याच विषयांचे जे कागद नाशनाला गेले त्यांची, तारखेनिशी व आदेशाच्या क्रमांकासह, दुसरी यादी.