विद्यार्थी वाक्याचा कर्ता व्हावा
(माध्यमिक शिक्षक संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



माध्यमिक शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. मात्र वर्गाबाहेरचे बहुतेक शिक्षण दिवाळीची सुट्टी संपल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या काळात दाटलेले असते. शैक्षणिक सहली, तालुका व जिल्हा पातळीवरील विज्ञान प्रदर्शने, क्रीडास्पर्धा, वक्तृत्व व नाट्यस्पर्धा, स्काउट-गाइडची शिबिरे आणि अखेरीस स्नेहसंमेलन अशी ही रांग असते, आणि तिचा हिशेब स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून वाचल्या जाणाऱ्या वार्षिक अहवालात मांडला जातो. विद्यार्थ्यांच्या सहली, उपक्रम आणि यश हा प्रस्तुत भाषणाचा विषय असून, या तिन्हींकडे पाहण्याची शाळेची दृष्टी त्या अहवालाच्या भाषेतच कशी उमटते, हे त्याचे सूत्र आहे.

अशा अहवालांत ‘विद्यार्थ्यांना रायगड दाखवण्यात आला’, ‘विद्यार्थ्यांना प्रदर्शनास नेण्यात आले’, ‘विद्यार्थ्यांकडून वृक्षारोपण करून घेण्यात आले’ अशी वाक्ये ओळीने भेटतात. मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांना या वाक्यांची घडण परिचित आहे. क्रिया करणारा तो कर्ता आणि क्रिया ज्याच्यावर घडते ते कर्म. ‘दाखवण्यात आला’, ‘नेण्यात आले’ या रचनांत खरा कर्ता, म्हणजे शाळा, पडद्याआड राहते, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप होतो तो विद्यार्थी कुठे नेला जाणारा, कुठे दाखवून घेणारा, तर कुठे राबवून घेतला जाणारा एवढाच उरतो. सहल, उपक्रम किंवा यश यांचे शैक्षणिक मोल तेव्हाच सिद्ध होते, जेव्हा त्यांचे वर्णन करणाऱ्या वाक्यात विद्यार्थी खरेपणाने कर्ता होऊ शकतो. त्याने पाहिले, तिने मोजले, त्यांनी विचारले, बांधले, चुकल्यावर दुरुस्त केले, असे म्हणता येते. या प्रतिपादनाच्या कसावर पुढील तीन गोष्टी तपासल्या आहेत.

पहिली गोष्ट सहलीची. शैक्षणिक सहल आणि क्षेत्रभेट हे शब्द सरमिसळ करून वापरले जात असले, तरी त्यांत भेद आहे; सहलीत स्थळ पाहिले जाते, तर क्षेत्रभेटीत आधी ठरवलेल्या प्रश्नाचे उत्तर स्थळावर शोधले जाते. हा भेद स्पष्ट होण्यासाठी पुणे जिल्ह्यातील जुन्नर या एकाच तालुक्याचे उदाहरण पुरेसे आहे. शिवनेरी, लेण्याद्री आणि ओझर अशी या तालुक्याची सहल असंख्य शाळा करतात, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांत शिवनेरीचा अंतर्भाव असल्याने ही वर्दळ वाढणार आहे. परंतु शिवजन्मस्थानापुढे नतमस्तक होऊन परतणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच डोंगराच्या कड्यातील बौद्ध लेणी आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी पाहिली नसतील, तर किल्ल्याचे अर्धे वय त्याच्या नजरेतून सुटलेले असते. पावसाचे पाणी कोणत्या उतारावरून टाक्यात येते, ते टाके किती लांब, रुंद व खोल आहे, आणि त्यातील पाणी शंभर माणसांना किती दिवस पुरेल, हे गणित आठवीचा विद्यार्थी मोजपट्टी आणि दोरी घेऊन करू शकतो. ते केल्यानंतर पाठ्यपुस्तकातील ‘किल्ल्यावर पाण्याची उत्तम सोय होती’ या वाक्याला त्याच्या लेखी संख्येचा आधार मिळतो.

तेथून पश्चिमेला नाणेघाट आहे. जुन्नरची बाजारपेठ आणि कल्याण-सोपाऱ्याची बंदरे यांना जोडणारा हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग असून, घाटमाथ्यावरील लेण्यात नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. यज्ञांत दिलेल्या दानांची मोजदाद या लेखात अंकांनी केलेली आहे, आणि भारतातील प्राचीन अंकलेखनाच्या महत्त्वाच्या पुराव्यांत त्याची गणना होते. जकातीसाठी वापरला गेल्याचे परंपरा सांगते तो दगडी रांजणही घाटाच्या तोंडाशी आहे. दहावीच्या विद्यार्थिनीने त्या रांजणाशी उभे राहून खाली कोकणाकडे पाहिले, की घाटवाट, बंदर आणि कर हे इतिहास, भूगोल व अर्थशास्त्र या तीन पुस्तकांत विभागलेले शब्द एकाच जागी येतात. मात्र त्यासाठी तिच्या हातात नकाशा असावा लागतो, आणि वाट शोधण्याचे काम तिच्याकडे असावे लागते.

त्याच तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे जगातील मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. रेडिओ दुर्बीण म्हणजे खगोलीय वस्तूंकडून येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रेडिओलहरी टिपणारे यंत्र. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून, त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या आहेत. जवळून पाहिल्यास या तबकड्या भरीव पत्र्याच्या नसून पोलादी तारेच्या जाळीच्या असल्याचे, आणि जाळीतून पलीकडचे आकाश दिसत असल्याचे ध्यानात येते. येथे नववीतील कोणाही चौकस मुलाच्या मनात एक प्रश्न उभा राहायला हवा : आकाश ज्यातून आरपार दिसते, त्या जाळीतून लहरी गळून कशा जात नाहीत? जाळीची भोके एक ते दोन सेंटिमीटरची आहेत, आणि टिपायच्या लहरींची लांबी त्याहून कितीतरी अधिक, थेट मीटरच्या घरात जाणारी आहे. म्हणून त्या लहरींच्या लेखी ही जाळी भरीव आरशासारखीच वागते, तर भोकांतून वारा निघून जात असल्यामुळे तबकडी हलकी व स्वस्त करता येते. हे उत्तर मार्गदर्शकाने आधीच सांगून टाकले, तर ती माहिती होते. मुलाने प्रश्न विचारल्यानंतर ते मिळाले, तर ते शिक्षण होते. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनात शाळांचे विद्यार्थी आपापली प्रतिकृती घेऊन उभे राहतात आणि येणाऱ्या गावकऱ्यांना, अन्य शाळांच्या मुलांना आणि प्रत्यक्ष शास्त्रज्ञांना ती समजावून सांगतात. समजावून सांगणारा विद्यार्थी हा कर्ता असतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

याच तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख महाराष्ट्रातील नव्हे, तर सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या उद्रेकातील असल्याचे मानले जाते, आणि ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकातील की त्याहून कितीतरी जुन्या उद्रेकातील, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. विद्यार्थ्यांना असा मतभेद जरूर दाखवावा, कारण ज्ञान अजून घडत आहे आणि त्यात आपल्यालाही जागा आहे, याची जाणीव त्यातूनच होते.

दुसरी गोष्ट उपक्रमांची. हाताने काम करत शिकण्याचा विचार या मातीला नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली, तीच पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेली. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन करून त्या विचाराला आजच्या शाळेत बसेल असे रूप दिले. तेथून प्रसार पावलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी बांधकाम व जोडकाम, ऊर्जा, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य या क्षेत्रांतील कामे आळीपाळीने करतात, आणि माती तपासून देणे किंवा विजेची जोडणी करून देणे यांसारखी सेवा गावाला पुरवतात. येथील मर्म सूक्ष्म आहे. शाळेत गुणांसाठी केलेली वीजजोडणी चुकली तर दोन गुण जातात. गावातील घरी केलेली जोडणी चुकली तर दिवा लागत नाही, आणि मग मूल चूक शोधायला आपणहून बसते. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी सुचवलेला दहा दिवसांचा दप्तराविना काळ, ज्यात विद्यार्थ्यांनी सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे अपेक्षित आहे, याच वाटेवरचा आहे. हे दहा दिवस चित्रफिती दाखवण्यात खर्ची पडू नयेत, ही जबाबदारी या सभागृहाची आहे.

तिसरी गोष्ट यशाची. अहवालात यश म्हणजे क्रमांक, पदक आणि ढाल. स्पर्धांना कमी लेखण्याचे कारण नाही, कारण उत्तम स्पर्धांची रचना स्वतःच विद्यार्थ्याला कर्ता करणारी असते. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळातर्फे १९८१ पासून सहावी व नववीसाठी घेतल्या जाणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, आणि त्यापुढे कृतिसंशोधन प्रकल्प व मुलाखत असे टप्पे आहेत. कृतिसंशोधन म्हणजे भोवतालची एखादी अडचण निवडून, तिच्यावर उपाय करून पाहून, त्याचा परिणाम नोंदवणे. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेतही १० ते १७ वर्षांच्या मुलांनी स्थानिक प्रश्नावरचा प्रकल्प मांडायचा असतो, आणि इन्स्पायर मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेची प्रतिकृती करण्यासाठी विद्यार्थ्याला दहा हजार रुपये मिळतात. प्रश्न उरतो तो स्पर्धेबाहेर घडणाऱ्या गोष्टींचा. प्रकल्प पालकांनी विकत आणला असेल, किंवा शिक्षकांनी बनवून विद्यार्थ्याला केवळ पाठ करायला दिला असेल, तर मिळालेले पदक मुलाच्या मनात एक कायमची शंका पेरते, की आपले खरे काम पुरेसे चांगले नव्हते. असे यश अहवालात शोभते, पण मुलाला ते आतून पोखरते, आणि म्हणून ते नाकारणे हेच शिक्षकाचे कर्तव्य ठरते.

याच्या नेमके उलट उदाहरण डॉ. जयंत नारळीकर यांनी घालून दिले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर एखादा वैज्ञानिक प्रश्न लिहून पाठवायला सांगत, आणि उत्तराखाली त्यांची स्वाक्षरी येई. थोर माणसाची सही घेणारा मुलगा त्या एका अटीमुळे प्रश्न विचारणारा मुलगा झाला. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणाचा सर्वांत उचित मार्ग हाच, की प्रत्येक शाळेने विद्यार्थ्यांचे प्रश्न गोळा करावेत, जपावेत आणि त्यांना उत्तरे मिळवून द्यावीत.

या तिन्ही गोष्टींना व्यापणारा एक प्रश्न येथे मांडणे अगत्याचे आहे, आणि तो म्हणजे मागे राहणाऱ्या मुलांचा. राज्य परिवहन महामंडळ शैक्षणिक सहलींना प्रवासभाड्यात ५० टक्के सवलत देते, तरीही निवास, भोजन आणि प्रवेशशुल्क मिळून होणारी रक्कम अनेक कुटुंबांना पेलत नाही, आणि संमतिपत्रावर सही नसलेले मूल सहलीच्या दिवशी रिकाम्या वर्गात बसते किंवा घरी राहते. ऊसतोड कामगारांच्या मुलांची अडचण याहून खोल आहे, कारण साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आणि शाळांचा सहलींचा हंगाम एकच असतो. दिवाळीनंतर आईवडिलांसोबत फडावर गेलेले मूल परतते, तेव्हा सहली, प्रदर्शने आणि स्नेहसंमेलन सारेच आटोपलेले असते. या मुलांसाठी एखादी क्षेत्रभेट जुलै-ऑगस्टमध्ये, गावातल्या नदीकाठापर्यंत का होईना, ठेवणे कठीण नाही. मुलींच्या बाबतीत मुक्कामाची जागा, स्वच्छतागृह आणि सोबत असलेल्या शिक्षिका यांची खात्री दिल्याखेरीज पालक परवानगी देत नाहीत, आणि ही त्यांची अपेक्षा सर्वथा रास्त आहे.

सुरक्षिततेविषयी याच ओघात एवढेच सांगणे पुरे, की फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेल्या १४ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. संमतिपत्रांची थप्पी मुलाला लाटेपासून वाचवत नाही. भरती-ओहोटीची आधी घेतलेली माहिती, प्रत्येक थांब्यावर केलेली मोजणी आणि ‘येथे पाण्यात उतरायचे नाही’ असे ठामपणे म्हणणारा शिक्षक वाचवतो.

सारांश, या संमेलनासमोर तीन सूचना ठेवल्या जात आहेत. प्रत्येक सहलीआधी विद्यार्थ्यांनी आपले प्रश्न स्वतः लिहावेत, आणि परतल्यावर एका आठवड्याच्या आत त्यांची उत्तरे वर्गापुढे मांडावीत. प्रत्येक शाळेने एकही मूल पैशाअभावी किंवा स्थलांतरामुळे वगळले जाणार नाही अशी निदान एक क्षेत्रभेट वर्षातून करावी. आणि वार्षिक अहवालाचा निदान एक भाग विद्यार्थ्यांनी लिहावा व त्यांनीच वाचावा.

येत्या स्नेहसंमेलनाचा अहवाल लिहायला बसताना प्रत्येक मुख्याध्यापकाने ‘दाखवण्यात आले’ या शब्दांपाशी क्षणभर थांबावे, आणि त्या जागी ‘विद्यार्थ्यांनी पाहिले, मोजले आणि विचारले’ असे खरेपणाने लिहिता येईल काय, हे स्वतःला विचारावे. ज्या शाळेला ते लिहिता येईल तिचे वर्ष सार्थकी लागले. जिला येणार नाही, तिच्यासाठी पुढचा जून फार दूर नाही.