पळीभर तेल आणि एका मुलाची वही



जळगावहून अजिंठ्याकडे निघालेली माणसं पहूरला चहापुरती थांबतात. आपण शिक्षक इथे दिवसभर थांबणार आहोत, तेव्हा सावकाश बोलू. एका मुलाला शेजारी बसवून गणित शिकवणं, एवढाच माझा विषय आहे.

नववीतला, कापसाच्या घरातला एक मुलगा घ्या. तीन क्विंटल पाच किलो कापूस, भाव सात हजार, किती झाले? तोंडी विचारा, तो काट्यापाशी उभा असल्यासारखा सांगेल, ‘एकवीस हजार तीनशे पन्नास.’ तेच वहीत मांडायला सांगा. तो ३.५ लिहितो, सात हजारांनी गुणतो आणि २४,५०० काढतो. गुणाकार बिनचूक! साठ वह्यांचा गठ्ठा समोर असलेला शिक्षक लाल फुली मारतो आणि पुढची वही ओढतो. त्याला नावं ठेवायची माझी तयारी नाही. पण मुलाला जवळ घेऊन ‘कसं केलंस, सांग बरं’ म्हटलं की तो म्हणतो, ‘तीन क्विंटल, मंग टिंब, मंग पाच किलो.’ सापडली चूक. टिंबाच्या अलीकडे क्विंटल आणि पलीकडे किलो, अशी त्याची समजूत आहे. दशांश, शतांश ही स्थानं त्याच्या हिशेबातच नाहीत. ही पाचवी-सहावीतली गाठ तशीच घेऊन तो दहावीच्या सांख्यिकीपर्यंत जाणार.

आता त्याला ३.०५ हे उत्तर सांगून टाकायचं नाही. क्विंटलचे किलो किती, हे त्याला पाठ आहे. मग पाच किलो म्हणजे क्विंटलच्या शंभर भागांतले किती, एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं आपल्याला भारी जड जातं. खडू हातात आला की तोंड सुरू.

‘वैयक्तिक लक्ष दिले जाईल’ अशा पाट्या हल्ली गावोगाव दिसतात. आत डोकावलं तर चाळीस मुलं फळा उतरवून घेत असतात. मोबाइलवरचा धडा हवा तितक्या वेळा बघता येतो खरा. पण त्या टिंबाबद्दल मुलाला काय वाटतं, हे तो धडा विचारत नाही.

१९८४ साली शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी मांडलं, की एकेकट्याला बसवून शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. पुढच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक आढळला नाही. मला त्या ९८ची गरजही वाटत नाही. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३च्या पाहणीत चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलांपैकी जेमतेम ४३ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं, हे मला पुरे आहे. घोडं अडतं पैशापाशी. एका मुलामागे एक माणूस. त्याचं मानधन कोण देणार?

याचं एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात दगडावर कोरलेलं सापडलं. चाळीसगावजवळच्या पाटणला गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला. इ.स. १२०७च्या सुमाराच्या त्या शिलालेखात दानाचा तपशील आहे, काही भाग तर चक्क मराठीत. निकुंभ राजांनी जमीन दिलीच. शिवाय बाजारातल्या उत्पन्नाचा वाटा आणि घाण्यामागे पळीभर तेल मठाला लावून दिलं. म्हणजे भास्कराचार्यांची ‘लीलावती’ शिकणाऱ्याच्या दिव्यातलं तेल पेठ पुरवत होती. आठशे वर्षांनंतर तो सगळा भार आपण बापाच्या खिशावर टाकला आहे, आणि तो खिसा कापसाच्या भावावर हलका-जड होतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ने आपल्याला खासगी शिकवणीची मनाई केली आहे. माझ्या मते ते योग्यच झालं. पण गावात बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या मुली आहेत. शाळा सुटल्यावर त्याच वर्गखोलीत एकीने एका वेळी एकच मूल घ्यावं, वीस मिनिटं. कुठली गाठ आधी सोडवायची, ते आपण वही पाहून सांगावं. तिचं मानधन बाजार समितीने, जिनिंगवाल्यांनी, केळीच्या व्यापाऱ्यांनी उचलावं. कापूसवेचणीच्या दिवसांत बाकं रिकामी पडतात. तेव्हा शाळा बुडालेल्या मुलांपासून सुरुवात करावी.

अशा योजनेच्या ठरावाचा मसुदा मी आणला आहे. दुपारच्या सत्रात तो मांडू. सूचक आणि अनुमोदक मात्र जेवणाआधी ठरवा. जेवणानंतर कोण कुठे सापडेल, सांगता येत नाही.