घरखर्चाची कीर्द आणि सॉफ्टवेअर

अंथरूण पाहून पाय पसरावे, ही शिकवण घरोघरीं दिली जाते. परंतु अंथरूण किती लांब आहे हें पाहावयाचें कसें, हें मात्र क्वचितच सांगितलें जातें. पगार रोख मिळत असे तेव्हां तें पाहणें फारसें अवघड नव्हतें. घरभाडें, वाणी, दूध, शाळेची फी यांचे पैसे वेगळे काढले जात आणि उरलेलें पाकीट दिवसेंदिवस हलकें होत जाई. तो हलकेपणा हाताला कळे. आतां पगार परस्पर बँकेंत जमा होतो आणि बराचसा खर्च मोबाइलवरून होतो. २०१६ सालीं सुरू झालेल्या यू. पी. आय. पद्धतीनें ऑगस्ट २०२३ या एका महिन्यांत १,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. चहाचे १५ रुपये द्यावयाचे असोत कीं विम्याचा १५,००० रुपयांचा हप्ता भरावयाचा असो, बोटाला श्रम जवळजवळ सारखेच पडतात. पैसा जातो, पण जातांना हाताला लागत नाहीं. म्हणूनच घरखर्चाचा हिशेब ठेवण्याची गरज या सोयींमुळें कमी न होतां वाढली आहे.

असा हिशेब ठेवणारीं सॉफ्टवेअरें आज पुष्कळ मिळतात. त्यांतून निवड करतांना जाहिरातींतील गुणांची यादी पाहण्यापेक्षां जमाखर्चाची जुनी रीत आठवणें अधिक उपयोगाचें ठरतें. त्या रीतींत कीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. जो व्यवहार ज्या दिवशीं झाला तो त्याच दिवशीं, त्याच क्रमानें लिहावयाचा ती कीर्द. पुण्याच्या पेशवे दप्तरांत अशा रोजकीर्दी आजहि जपून ठेवलेल्या आहेत. पुढें त्याच नोंदी उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवावयाच्या ती खतावणी. कीर्द सांगते, काय घडलें. खतावणी सांगते, कोणत्या बाबीवर एकंदर किती गेलें.

घरगुती हिशेबाची वही पुष्कळदां मध्येंच बंद पडते, त्याचें कारण कीर्द नव्हे, खतावणी होय. रोज चार ओळी लिहिणें जड नाहीं. महिनाअखेर दीडशें नोंदी चाळून भाजीची बेरीज वेगळी, औषधांची वेगळी, असें करीत बसणें जड जातें. नेमकें हेंच काम यंत्र उत्तम करतें. १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या अमेरिकन जोडीचें ‘व्हिजिकॅल्क’ बाजारांत आलें. त्यांतील तक्त्याचा एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या बेरजा आपोआप बदलत. त्याच जातीचा तक्ता, म्हणजे स्प्रेडशीट, आज मोबाइलवर विनामूल्य मिळतो. तारीख, रक्कम, सदर आणि शेरा असे चार रकाने आंखले कीं सामान्य कुटुंबाची गरज भागते. साधें ॲप म्हणजे याच चार रकान्यांचें सुबक रूप होय.

सॉफ्टवेअरांचा दुसरा वर्ग याहून पुढें जातो. बँकेचे संदेश वाचून किंवा खात्याशीं जोडून घेऊन तो नोंदीहि स्वतःच करतो. धांवपळीच्या घरांत हें वरदान वाटतें. परंतु त्यांत दोन उणिवा आहेत. पैसे कोणाला गेले हें बँकेला कळतें, कशासाठीं गेले हें कळत नाहीं. मोठ्या दुकानांतील ३,००० रुपयांच्या एका बिलांत तांदूळ, साबण आणि खेळणें हीं तिन्ही असूं शकतात. शिवाय क्रेडिट कार्डावर ४,००० रुपयांची खरेदी झाली आणि पुढील महिन्यांत तेवढेंच बिल खात्यांतून भरलें, तर ढोबळ यंत्र ८,००० रुपये खर्च दाखविण्याचा संभव असतो. ही पहिली उणीव थोड्या देखरेखीनें दूर होईल. दुसरी होणार नाहीं. जी नोंद आपण केली नाहीं तिच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. सुंदर रंगीत आलेख तयार होतात आणि न पाहतां पडून राहतात.

म्हणून निवडीचें पहिलें सूत्र असें कीं, खतावणी यंत्राकडे सोंपवावी आणि कीर्द आपल्या हातीं ठेवावी. ‘बाहेरचें खाणें, २८० रुपये’ असें स्वतः लिहिणाऱ्याला, या आठवड्यांतील ही तिसरी वेळ, हें त्याच क्षणीं आठवतें. जपानमध्यें हानि मोतोको या पत्रकार स्त्रीनें १९०४ सालीं घरखर्चाची वही प्रसिद्ध केली. ‘काकेइबो’ या नांवानें ओळखली जाणारी ती प्रथा संगणकाच्या युगांतहि टिकली आहे. लिहिण्यानें येणारी ही जागृति हेंच तिचें बळ होय. अर्थात् हातीं ठेवलेली कीर्द सोपी हवी. एका नोंदीला दहा सेकंदांहून अधिक वेळ लागणारें ॲप कितीहि गुणी असलें तरी घरांत टिकणार नाहीं. सदरेंहि आठदहाच असावींत. महिन्यांतून एकदां बँकेच्या स्टेटमेंटशीं ताळा पाहावा. मोठी रक्कम जुळत नसेल तर ती शोधावी. चार रुपयांचा फरक ‘किरकोळ’ सदरीं टाकून पुढें जावें. त्यासाठीं रात्र जागविणें हा पेढीचा धर्म आहे, घराचा नव्हे.

दुसरें सूत्र असें कीं, आंत शिरण्यापूर्वीं बाहेर पडण्याचा दरवाजा पाहावा. मायक्रोसॉफ्ट कंपनीचें ‘मनी’ १९९१ सालीं निघालें आणि त्याची विक्री २००९ सालीं थांबली. २००७ मध्यें सुरू झालेली ‘मिंट’ ही अमेरिकेंतील लोकप्रिय सेवा मार्च २०२४ मध्यें बंद झाली. ज्या कंपन्यांचा आधार मोठा होता त्यांच्याहि बाबतींत हें घडलें. तेव्हां आपल्या साऱ्या नोंदी सी. एस. व्ही. या साध्या स्वरूपांत बाहेर काढतां येतात कीं नाहीं, हें पहिल्याच दिवशीं करून पाहावें. स्वल्पविरामांनीं विभागलेला तो साधा मजकूर कोणतेंहि स्प्रेडशीट वाचूं शकतें. ॲप फुकट असेल तर तें चालविणाऱ्याची कमाई कशांतून होते, हेंहि विचारावें. जें केवळ नोंदवहीचें काम करणार, त्याला आपले सर्व संदेश वाचण्याची परवानगी लागण्याचें कारण नाहीं.

ज्यांना घरकर्ज, भाड्यानें दिलेली जागा, शेअर असा पसारा सांभाळावयाचा आहे, त्यांच्यासाठीं ‘ग्नूकॅश’सारखें विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. १४९४ सालीं व्हेनिसमध्यें छापलेल्या लुका पाचोलीच्या ग्रंथांत वर्णिलेली द्विनोंदी पद्धति त्यांत वापरलेली आहे. पगारावर चालणाऱ्या घरानें मात्र तेथून आरंभ करूं नये. पाणी पिण्यासाठीं विहीर खणण्याचें कारण नाहीं.

एक गोष्ट कोणतेंहि सॉफ्टवेअर करूं शकत नाहीं. हिशेब हा घराचा डोळा व्हावा, पहारेकरी होऊं नये, हें घरांतील माणसांनींच पाहावयाचें आहे. पतिपत्नी दोघांनाहि तोच तक्ता दिसावा आणि दोघांनींहि त्यांत लिहावें. त्याबरोबरच प्रत्येकाच्या नांवें एक लहानशी रक्कम अशी असावी कीं जिचा जाब कोणीं कोणास विचारूं नये. ‘हे पैसे कशाला?’ हा प्रश्न रोज ऐकावा लागला तर नोंदी खोट्या होऊं लागतात, आणि खोट्या कीर्दीची खतावणी यंत्रालाहि खरी करतां येत नाहीं. विम्याचा हप्ता, शाळेची फी, दिवाळी हे वर्षाकाठचे खर्च बारानें भागून दरमहा बाजूस काढावेत. वर्षाचे १२,००० रुपये एकदम अंगावर येतात, महिन्याचे १,००० येत नाहींत.

खरेदीची घाई नको. प्रथम एक महिना साध्या तक्त्यांत किंवा कागदावर लिहून पाहावें. महिनाअखेर बेरजा करण्याचाच त्रास झाला असें आढळलें, तर साधें ॲप अवश्य घ्यावें. परंतु लिहिणेंच पंधरवड्यांत थांबलें असेल, तर उणीव साधनाची आहे कीं संवयीची, हें आधीं ठरवावें. संवयीची असेल, तर रात्रीं जेवणानंतरचीं दोन मिनिटें त्यासाठीं नेमून द्यावींत. त्याला पैसे पडत नाहींत.